लंकेहून आलेली पत्रं आणि माझा खोकला

आमच्या आळीतल्या एका सुनेला मागच्या महिन्यात छातीचं दुखणं निघालं. दुसऱ्याच दिवशी ती आपलं ताट, वाटी, तांब्या उचलून मागच्या पडवीत राहायला गेली. कुणी सांगितलं नव्हतं. मी काठी टेकत तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "अगं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐक आणि आत ये. या दुखण्यात जेवढा खुळेपणा करता येतो तेवढा मी आधीच करून ठेवलाय. तुझ्यासाठी काही शिल्लक नाही."

ती हसली. मग म्हणाली, "आजी, लिवून काढा ना. इथं बसून वाचीन तरी."

म्हणून लिहिते आहे. औषधांची नावं सांगायला डॉक्टर आहेत. मला सांगायचंय ते एका चौतीस वर्षांच्या बाईबद्दल. ती बाई मीच. आज ती समोर आली तर आधी तिचा कान धरीन आणि मग जेवायला वाढीन.

पांढरा ढग

सत्याऐंशी सालची दिवाळी तोंडावर आली होती. खोकला पावसाळ्यापासून होता. त्याचं खापर मी आधी चुलीवर फोडलं, मग मिरचीच्या ठसक्यावर, मग बोईसरच्या कारखान्यांच्या धुरावर. संध्याकाळी कणकण यायची, तिला दगदग म्हटलं. वजन उतरलं तेव्हा तर मी खूश झाले. लग्नातला ब्लाउज पुन्हा अंगाला बसला म्हणून आरशासमोर दोनदा वळून पाहिलं. आत रोग मला खात होता आणि बाईसाहेब कंबर मापत होत्या.

आमचे हे फौजेत. तारापूरकडच्या किनाऱ्यावर आमची वाडी, केळी नि चिकूची. पण यांना झाडांपेक्षा वर्दीची हौस. त्याच पावसाळ्यात यांची पलटण श्रीलंकेला गेली. तिथे तमिळ बंडखोर आणि तिथलं सरकार यांच्यात काही वर्षं लढाई चालली होती, देशातल्या देशात. मग करार झाला, आणि तो पाळला जातोय ना हे बघायला आपली फौज गेली. निघताना हे म्हणाले, "भांडण सोडवायला चाललोय. तुझ्यात नि आईत इतकी वर्षं तेच करतोय, सराव आहे." दिवाळीच्या आधीच रेडिओवर कळलं की सोडवायला गेलेलेच आता लढतायत.

त्याच आठवड्यात मला थुंकीत रक्त दिसलं. सासूबाई मला एसटीत घालून पालघरला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "हा पांढरा ढग दिसतोय?"

मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी शहाण्यासारखी मान हलवली.

"टीबी आहे. दाखल व्हावं लागेल. पाच-सहा महिने धरा."

आणि मी काय विचारावं? "डॉक्टर, दिवाळीचे अनारसे करायचेत, त्यानंतर आले तर चालेल?"

बाहेर येऊन सासूबाई बाकावर बसल्या. बराच वेळ पदराची गाठ सोडत आणि बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "गावात सांगू, माहेरी गेलीस."

"आई, माझं माहेर सफाळ्याला. सहा महिने कोण राहतं सफाळ्याला?"

"भावजय बाळंत हाय सांगू."

"सहा महिने?"

"जुळी सांगू."

आम्ही दोघी हसलो. हसताना मला खोकल्याची उबळ आली आणि सासूबाई बाकावर हातभर सरकल्या. त्यांना तसं करायचं नव्हतं; अंग आपोआप सरकलं. मला ते दिसलं हे त्यांनाही दिसलं. 

अकरा खाटा

दवाखाना मासवणच्या वाटेवर होता. आजूबाजूला भातशेती, मागे डोंगर. बायकांच्या वॉर्डात अकरा खाटा. डोंगरातल्या पाड्यांवरच्या बायका होत्या, दातिवऱ्याची एक कोळीण होती, बोईसरच्या कामगारवस्तीतल्या दोघी-तिघी.

सकाळी सिस्टर झाकणाची डबी घेऊन यायची, थुंकी द्यायची. मग रिकाम्या पोटी लाल कॅप्सूल. पहिल्या दिवशी लघवी शेंदरासारखी झाली तेव्हा मी संडासात किंचाळले. वाटलं, सगळं रक्तच चाललं. कोळीण बाहेरून ओरडली, "अगो, सगल्यांची तशीच होते! भायेर ये, आमाला पन जायाचाय!" मग इंजेक्शन, आज उजवीकडे, उद्या डावीकडे. पुढे पुढे मला उताणं निजता येईना. सोमवारी वजन. अर्धा किलो वाढलं की सिस्टर उकडलेलं अंडं जास्त द्यायची. ब्लाउजवाली मी त्या अंड्यासाठी काट्यावर चढण्याआधी दोन तांबे पाणी पिऊन जायची.

हे सगळं सोसता येतं. कठीण असते ती दुपार. जेवणाची भांडी घासून झाली की दोन ते चार काहीही घडत नाही. पंखा, माश्या, दहा जणींचे दहा खोकले. माणूस किती एकटं असतं ते मला दुपारी कळलं. भेटायला येणारे व्हरांड्याच्या कठड्यापाशी थांबत. माझी सुमन नऊ वर्षांची. सासूबाई तिला एकदाच घेऊन आल्या. कुंपणापलीकडच्या झाडाखाली दोघी उभ्या. मी खिडकीतून हात हलवला. सुमननं आजीच्या पदरात तोंड लपवलं. त्यानंतर मीच निरोप धाडला, तिला आणू नका.

एका पत्रात पलटण खाली

आता माझ्या सगळ्यात मोठ्या शहाणपणाकडे येते.

घरी माझं ताट वेगळं झालं होतं, गोधडी जाळली होती, कंगवा विहिरीमागे पुरला होता. त्यावरून मी माझ्यापुरतं शास्त्र बनवलं. मी हात लावीन ते बाधेल. मग पत्र? आंतरदेशीय पत्र तर जिभेनं ओलं करून चिकटवतात! ते पत्र फौजेच्या टपालानं यांच्या हातात जाणार. हे राहतात तंबूत, चाळीस जणांच्या दाटीत. मला ते चित्र स्पष्ट दिसलं: माझं पत्र फुटतं, हे खोकतात, शेजारचा खोकतो, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी पलटण अंथरुणावर. बंदुकीवाल्यांना जे जमत नाही ते मालतीबाई तारापूरकर घरबसल्या करणार.

कुणाला विचारावं, तर लाज वाटली. पाण्यानं चिकटवता येतं हे सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी म्हटलं असतं, कागदाचं काय?

म्हणून मी पत्र लिहायचंच बंद केलं. सासूबाईंना शपथ घातली, यांना आजारपण कळवायचं नाही, आधीच रणात आहेत. सासूबाई शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेत: सर्व खुशाल, मालती कामात आहे. दर महिन्याला तेच.

यांची पत्रं मात्र येत. सासूबाई ती आणून कठड्यावर ठेवत, वर एक चिकू, वाऱ्यानं उडू नये म्हणून. सुरुवातीची पत्रं मजेची होती. "सौ. मालतीस अनेक आशीर्वाद. इथे जिकडेतिकडे ताड, अगदी आपल्या किनाऱ्यासारखे. ताडगोळे पण तसेच. डोळे मिटले की घरी असल्यासारखं वाटतं. उघडले की प्रत्येक खोडामागे कोण आहे ते बघावं लागतं." पुढच्या पत्रात: "तू का लिहीत नाहीस? मास्तरांचं अक्षर मला पुरत नाही."

मग एक पत्र नेहमीच्या टपालानं न येता, सुट्टीवर आलेल्या सोबत्याच्या हाती आलं. चार पानं. ते माझ्याकडे अजून आहे. त्यातलं एवढंच उतरवते:

"सकाळी आम्ही एका गावाच्या कडेला, बांधाआड पडून होतो. समोर ताडाचं बन. वर शेंड्याला माणूस होता. माझ्या बाजूचा म्हणाला, दबा धरून बसलाय. मला दिसत होतं, त्याच्या कमरेला मडकं होतं. तो ताडी काढणारा होता. आपल्याकडे रोज सकाळी बघतो तसाच. या सगळ्यांत ते मला एकट्यालाच कळत होतं. ओरडून त्याला उतर म्हणायचं, नाहीतर आमच्यांना थांबा म्हणायचं. पण ओरडलो असतो तर आम्ही कुठे आहोत ते कळलं असतं. मी गप्प राहिलो. मग दोन्हीकडून गोळीबार सुरू झाला. तो पडला. गोळी आमची की त्यांची, कुणी सांगू शकत नाही. पण मी ओरडलो नाही. मालती, तुला काय वाटतं ते लिही. बरं-वाईट काहीही लिही. मी वाट बघतो."

पत्र मी संडासात बसून वाचलं, दुसरीकडे आडोसा नव्हता. वाचून पोटाशी धरलं. उत्तर मी शंभर वेळा दिलं, मनातल्या मनात, दोन ते चार. कागदावर एकदाही नाही.

सेल्वी

माझ्या बाजूच्या खाटेवर सेल्वी होती. तिचा नवरा बोईसरला कापड रंगवायच्या कारखान्यात. तिची हिंदी मोडकी, माझी तर मोडूनही न उरलेली. तरी आमचं जमलं. ती मला तिच्या डब्यातली इडली द्यायची, मी तिला चिकू. एकदा कळलं की ती मूळची लंकेतली. दंगली झाल्या तेव्हा नवऱ्याबरोबर होडीतून या किनाऱ्याला आली, मग ओळखीतून बोईसरला. तिची आई तिकडेच राहिली होती, जाफना भागातल्या एका खेड्यात.

मला काय आनंद झाला! जणू माझ्याच माहेरचं कुणी भेटलं. मी खाटेवरून उडी मारली. "अरे, मेरा आदमी भी उधरच है! फौज में!"

 सेल्वीनं तिचा पेला उचलला, आमच्या मधल्या स्टुलावरून काढून पलीकडच्या खिडकीत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजली. टीबीच्या वॉर्डात दुसऱ्या टीबीवालीनं माझ्यापासून भांडं वेगळं केलं. घरी ताट वेगळं झालं तेव्हा रडले नव्हते. त्या दुपारी रडले.

आठ-नऊ दिवस ती बोलली नाही. मग एकदा भिंतीकडे बघतच म्हणाली, "तेरा आदमी उधर क्या करता?"

"शांती," मी म्हटलं. मला तेच सांगितलेलं होतं.

ती हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता रडली. मग तुकड्यातुकड्यानं सांगितलं. गावातल्या लोकांनी देवळाच्या आवारात आसरा घेतलाय असं शेवटच्या पत्रात होतं. आई घर सोडायला तयार नव्हती, कोंबड्या कोण बघणार म्हणून. "एक आता, बोलता, उसको चावल क्यों दिया. फिर दूसरा आता, वो भी वही बोलता. अम्मा का चावल खतम, सबका गुस्सा बाकी." त्यानंतर टपालच बंद. तीन महिने काही नाही.

त्याच सुमारास यांचीही पत्रं थांबली.

पहिला आठवडा मी टपालाला शिव्या दिल्या. दुसऱ्यात देवाला. तिसऱ्यात सासूबाई मोकळ्या हातानं आल्या आणि कठड्यापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. "तार तरी नाय आली," त्या म्हणाल्या. "तार नाय म्हंजे बरा हाय." मग तोंड फिरवून पुन्हा तेच म्हणाल्या, स्वतःलाच.

सेल्वीचा नवरा तिला तमिळ पेपर आणून द्यायचा, आठवडाभर जुना. ती तो बोटानं वाचायची. मी तिच्या बोटाकडे बघायची. बोट थांबलं की माझा श्वास थांबायचा. ती मान हलवायची, "तेरा नहीं. मेरा भी नहीं." एवढीच आमची बातमी.

पाचव्या आठवड्यात मला राहवलं नाही. मी ते चार पानी पत्र काढलं आणि तिला माझ्या हिंदीत वाचून दाखवलं. ताडी काढणाऱ्याला हिंदीत काय म्हणतात मला येत नव्हतं. मी उभी राहून झाडावर चढायची नक्कल केली, कमरेला मडकं दाखवलं. सेल्वीला लगेच कळलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही मला मारील.

मग तिनं विचारलं, "तू क्या लिखा उसको?"

"कुछ नहीं."

"क्यों?"

मग मी माझं शास्त्र सांगितलं. जीभ, कागद, तंबू, चाळीस माणसं. ती ऐकत होती. कोळीण खाटेवरून हसून हसून पडायला आली. इंजेक्शनचा ट्रे घेऊन आलेल्या सिस्टरनं कपाळावर हात मारला. "अहो, रोज तुमची औषधांची वही माझ्या हातात असते, मी मेले का? कागदानं टीबी जात नाही! पाच महिने हे डोक्यात घेऊन बसलात? विचारायचं होतंत!"

सेल्वी हसली नाही. ती म्हणाली, "वो सोचता होगा, तू गुस्सा है. उसको आदमी मरा वो बोला, और तू चुप."

खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी त्यांना जंतूंपासून वाचवत बसले होते. त्यांनी आपला सगळ्यात मोठा अपराध माझ्यापुढे ठेवला होता, आणि माझ्याकडून उत्तर नाही, आणि मास्तर लिहितायत, मालती कामात आहे.

"मैं उसको माफ नहीं करती," सेल्वी म्हणाली. "मेरा मामा भी झाड पे चढता. लेकिन तेरे पास पता है. लिख. मेरे पास पता है, उधर डाकवाला नहीं."

तिनंच उशाखालून परदेशी टपालाचं घडीचं पत्र काढून दिलं. आईला लिहायचं म्हणून आणलेलं, कोरंच राहिलेलं.

मी काय लिहिलं

आधी सवयीप्रमाणे स्वतःबद्दलच लिहिलं. टीबी, लाल कॅप्सूल, सफाळ्याची जुळी, अंडं. सगळी जागा त्यातच गेली. शेवटी कडेला बोटभर जागा उरली, तिथे आडवं लिहिलं: "त्या माणसाबद्दल काय लिहावं मला येत नाही. तुमची चूक नाही असं मी लिहिणार नाही, कारण तुम्हाला ते खरं वाटणार नाही. घरी या आणि मला पहिल्यापासून सांगा. मी ऐकेन." आणि जिभेनं चिकटवलं. सगळ्या वॉर्डासमोर.

उत्तराला एकवीस दिवस लागले. त्या दिवसांत सेल्वीला घरी सोडलं. जाताना ती माझ्या कपाळाला हात लावून गेली. तिच्या आईचं पुढे काय झालं मला कळलं नाही. मी घरी आल्यावर बोईसरला तिला शोधायला गेले, तर ती खोली सोडून दक्षिणेकडे गेली होती, कुठे ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

सासूबाईंनी उत्तर आणलं तेव्हा त्या कठड्यापाशी थांबल्या नाहीत. सरळ आत आल्या, माझ्या खाटेवर बसल्या. "वाच. मोठ्यानं वाच."

पत्र दोन ओळींचं होतं. "सौ. मालतीस. तू आजारी आहेस हे वाचून मला फार बरं वाटलं, देव मला क्षमा करो. आता मी येईन."

सासूबाई म्हणाल्या, "ह्या मेल्याला लिवायची रीत नाय." आणि डोळ्याला पदर लावला. माझ्या टीबीनं ज्याला सुख झालं असा जगात तो एकच माणूस.

घरी

मी उन्हाळ्यात घरी आले. हे पुढच्या हिवाळ्यात आले, बारीक होऊन. लोकांनी लंकेबद्दल विचारलं की सांगत, "ताड फार आहेत." मला त्यांनी सगळं सांगितलं, चार दिवस, तुकड्यातुकड्यानं, भाजी निवडताना. मी ऐकलं. मध्ये बोलले नाही. माझ्यासारखीला ते सहा महिन्यांच्या इंजेक्शनांहून अवघड होतं. सांगून झालं म्हणून ते हलके झाले असं म्हणवत नाही. पण जेवायला लागले.

पाचव्या सकाळी मी चुलीवर भात ठेवला होता. वाडीच्या टोकाकडून यांचा आवाज आला. ओरडत होते, "वर कोण हाय रे?" मी पळत गेले. हे ताडाखाली मान वर करून उभे. वर शेंड्याला लाड्या होता, आमच्या ताडांची ताडी काढणारा, वीस वर्षांपासूनचा.

"मीच हाय, भाऊ! आनि कोन असनार?"

"बोलत राहा!"

"काय बोलू?"

"काही पण बोल!"

लाड्याला वाटलं, फौजी खुळावला. पण तो बोलका गडी. त्यानं वरूनच पाड्यावरच्या लग्नाची हकिगत सुरू केली, कुठल्या व्याह्यानं किती ढोसली, नवऱ्याची चप्पल कुणी लपवली. हे खाली उभे राहून "हां, मग?" म्हणत होते.  मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि मीही वर ओरडले, "मग रे लाड्या? चप्पल मिळाली का?"

मागे भात करपल्याचा वास आला. सासूबाई दारातून आम्हा दोघांच्या नावानं शंख करत होत्या. लाड्या हळूहळू उतरत होता, खोडाभोवतीचा दोरीचा वेढा खाली सरकवत, बोलत बोलत. त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत आम्ही दोघंही तिथून हललो नाही.